ओटी भरायची राहिली

वैजंता जगदाळे बोलायला लागली की बेदाण्याच्या शेडमधले पंखेसुद्धा दबून फिरतात, असं शेडमधल्या बाया म्हणायच्या. तिच्या माघारी म्हणायच्या, हे वेगळं सांगायला नको. तोंडावर बोलायची छाती चिंचणवाडीत कुणाची नव्हती. सरपंचाला ती ‘ए बुजगावण्या’ अशी हाक मारायची, माल बघायला आलेल्या व्यापाऱ्याला ‘मुडद्या, डोळं घरी ठिवून आलास का’ असं विचारायची, आणि पोटच्या पोराला, संग्रामला, दिवसातनं चारदा मसणात धाडायची. संग्राम चारही वेळा वेळेवर जेवायला घरी यायचा. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. आक्का शिव्या देते म्हणजे आक्काची तब्येत बरी आहे, एवढंच लोक त्यातनं समजायचे.

शाळा तिनं चौथीपर्यंत केली, तीही शेणाच्या पाट्या टाकून उरलेल्या वेळात. नवरा गेला तेव्हा संग्राम सहा वर्षांचा होता. बाईनं सहा एकर बाग राखली, शेड उभी केली, पोराला शिकवलं. आणखी एक गोष्ट केली. नवरा गेला त्याच वर्षी नवरात्रात कुणीतरी कुजबुजलं, की आता हिच्या हातानं सवाष्णींच्या ओट्या कशा भरायच्या. हिनं नारळ-तांदळाचं सूप उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “नवरा गेलाय माझा, हात न्हाई गेलं.” तेव्हापासून उंबऱ्याच्या आत आलेल्या प्रत्येक बाईची ओटी तिनं भरली. तिची मात्र बावीस वर्षांत कुणी भरली नाही. त्याचं तिला काही वाटतं, असं तिनं कुणाला दिसू दिलं नाही.

सून सांगलीची, तनिष्का. आक्कानं पहिल्याच दिवशी नाव कापून तनू केलं. पोरगी बोलायला कमी नव्हती. एकदा आक्का म्हणाली, “मेले, भाजीत मीठ घालताना हात मोडला हुता का?” तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “हात शाबूत आहे, आक्का. तुमच्याच जिभेवर चवीला जागा उरली नाही, शिव्यांनी भरलीय सगळी.” आक्कानं उलथणं उगारलं आणि मग दिवसभर मनातल्या मनात हसत राहिली. आपल्या तोडीचं माणूस घरात आलं होतं.

मग तनूचं बाळ आठव्या महिन्यात गेलं. जन्मलं आणि रडलंच नाही. त्यानंतर तनूही गप्प झाली. सात महिने ती भिंतीकडं तोंड करून बसायची. शेडमधलं निवडणीचं यंत्र, ते कॅमेऱ्याच्या डोळ्यानं डागी बेदाणे वेगळे काढणारं, एकट्या तिलाच चालवता यायचं. ते झाकून ठेवलं होतं. आक्का शिव्या द्यायची, पण त्या परत येत नव्हत्या. आक्काला घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या मुलाणी डॉक्टरीणबाईंनी सहा महिने गोळ्या देऊन बघितल्या, आणि शेवटी म्हणाल्या, “सांनिध्य देऊन बघू या का?”

दोन हजार सेहेचाळीस साल ते. सांनिध्याची बारकी कुपी तोवर औषधाच्या दुकानात खोकल्याच्या औषधाशेजारी मांडलेली असायची. मूळचं ते दुःखावरचं औषध. नाकात एक फवारा घ्यायचा आणि आपण ज्याला मानतो त्या देवासमोर चाळीस मिनिटं बसायचं. देव समोर आहे, त्याला आपलं सगळं ठाऊक आहे, अशी खात्री व्हायची. आपला हात आपलाच आहे याची असते ना, तशी खात्री. फवाऱ्याचा अंमल तासाभरात उतरायचा, खात्री उतरायची नाही. कुणी त्याला प्रसाद म्हणत होतं, कुणी पाखंड. पण दारू सुटत होती, मेलेली मनं उठत होती, हे कुणी नाकारत नव्हतं. मोठ्या देवस्थानांनी त्यासाठी काचेच्या खोल्या बांधल्या होत्या. रांगेत नंबर लावायचा, आत बसायचं, घंटा वाजली की बाहेर.

“माझी सून काचंच्या पेटीत बसायची न्हाई,” आक्कानं तिथंच सांगून टाकलं. “आमची देवी आमच्या देव्हाऱ्यात हाय. चार परक्या बाया डोकावून बघणार, आणि ही आत रडत बसणार? जगदाळ्यांच्या घरात असलं चालत न्हाई.”

घरी घ्यायची औषधाची पेटी मिळत होती. पूजेला जोडीनं बसतात म्हणून पेटीत दोन कुप्या असायच्या, एक नवऱ्याला, एक बायकोला. संग्रामला मंगळवारी माल घेऊन तासगावला सौद्याला जायचं होतं. म्हणाला, “मला नको. तिचं होऊ दे.” तनूनं एकच कुपी घेतली. दुसरी देव्हाऱ्याच्या खणात राहिली.

त्या मंगळवारी सकाळी तनूनं पेटीतला कागद आक्काला वाचून दाखवला. आवाजात जीव नव्हता. “चाळीस मिनिटं खोलीत दुसरं माणूस नको. आवाज नको. फोन नको.”

“देवीपुढं बसायला कागद वाचाय लागतोय,” आक्का म्हणाली. “जा, बस.”

तनू आत गेली, फवारा घेतला. आक्कानं दार ओढून घेतलं आणि बाहेर उंबऱ्याशी बसून राहिली. दहा मिनिटं झाली असतील. तिची नजर कोपऱ्यातल्या सुपाकडं गेली. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड. ओटी भरायची राहिली होती.

कागदावरचं तिला आठवत होतं. पण कागद लिहिणाऱ्यांना काय माहीत? या घरातली बाई रिकाम्या ओटीनं कधी देवीपुढं बसली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाही, बाळंतपणानंतर नाही. आणि ज्या पोरीची कूस रिकामी झाली, तिनंच रिकाम्या ओटीनं बसायचं? देवी काय म्हणेल? ‘दुसरं माणूस’ म्हणजे परकं कुणीतरी. सासूनं ओटी भरणं हे काय दुसरं माणूस झालं? तो तर पूजेचाच भाग.

सूप उचलून ती हलक्या पावलानं आत गेली. खोली लहान. ओटी भरायची तर तनूच्या पुढ्यात बसावं लागणार होतं. देवीकडं पाठ करून आक्का बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं देवीला पाठ दाखवली. तनूचे डोळे टक्क उघडे होते. इतके उघडे, की आक्काला त्यात आपलं तोंड दिसलं, नवरा गेल्यावरही पूजेला लावायचं न सोडलेल्या मोठ्या कुंकवासकट. तिनं पोरीला कुंकू लावलं, पदरात नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. तनूचे ओठ थरथरत होते. आक्काला राहवलं नाही. कानाशी वाकून ती म्हणाली, “भिऊ नको. मी हाय.”

आणि दार लावून बाहेर आली.

पुढचे आठ दिवस आक्काच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. तनू उठली. न्हाली, जेवली, यंत्रावरचं फडकं काढलं. सकाळी उठून आक्काच्या पाया पडायची, आणि डोकं पायावरनं उचलायलाच तयार नसायची. आक्का म्हणाली चहा, की चहा हजर. आक्का म्हणाली बस, की बसली. शेडमधल्या बाया म्हणाल्या, “आक्का, कुठल्या दुकानात मिळतं ओ असलं औषध? आमच्या सुनांना पाजवू की बादलीभर.” आक्का पदर सावरून म्हणाली, “औषधानं न्हाई होत. घराला वळण असाय लागतंय.”

एकच गोष्ट तिला खुपत होती. तनू उलटून बोलत नव्हती. हसायची, मान डोलवायची. ते हसू आक्कानं कुठंतरी बघितलं होतं, पण कुठं ते आठवत नव्हतं. नवव्या दिवशी आठवलं. जत्रेत गाभाऱ्यातनं बाहेर पडणाऱ्या माणसांच्या तोंडावर असतं, ते हसू.

त्याच दिवशी शेडवर एक व्यापारी आला होता. भाव चाललेला असताना तनू मधेच म्हणाली, “आक्कांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं. पाऊस कधी येणार तेही त्यांनाच माहीत असतं.” व्यापारी खो-खो हसला. आक्का ओशाळली. “जरा तोंड शीव की गं, भवाने,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

अर्ध्या तासानं शेडच्या मागच्या बाजूनं ताराबाईची किंकाळी आली. ताराबाई म्हणजे बेदाणा वाळवायच्या जाळ्या शिवणारी म्हातारी. आक्का धावली. तनू रॅकच्या आडोशाला मांडी घालून बसली होती. हातात जाळ्या शिवायचं दाभण, त्यात नायलॉनचा दोरा. खालच्या ओठातनं दाभण आरपार गेलं होतं. हनुवटीवरनं रक्ताची धार ओढणीवर टपकत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर तेच हसू. तिनं आक्काला बघितलं आणि वरच्या ओठाला दाभण लावलं.

“ठिव ते!” आक्का ओरडली.

दाभण लगेच खाली आलं. ओठात दोरा तसाच लोंबत राहिला.

मुलाणी डॉक्टरीणबाईंनी ओठाला टाके घातले, तनूला झोपेचं औषध दिलं आणि आक्काला बाजूच्या खोलीत घेतलं. बाई पंचेचाळिशीच्या, शांत. आक्काच्या शिव्या खाऊनही हसणाऱ्या. आज हसल्या नाहीत.

“आक्का, बेदाणा करताना तुम्ही द्राक्षाचे घड कशात तरी बुडवता ना?”

“डिपिंग ऑइलच्या पाण्यात. त्याबिगर वाळत न्हाईत. सालीवर मेण असतंय. मेण ग्येलं की आतलं पाणी भाईर पडतंय.”

“मनावर पण असंच मेण असतं. तान्ह्या पोराच्या मनावर ते नसतं, म्हणून आईचा चेहरा, आईचा आवाज त्याच्यावर जन्मभराचा उमटतो. मोठं होऊ तसं मेण चढतं. ते चढतं म्हणून भेटेल त्या माणसाचं आपण खरं मानत नाही, म्हणून आपण आपल्या डोक्यानं जगतो. सांनिध्य ते मेण चाळीस मिनिटांपुरतं काढतं. मेंदूत एक जागा असते, ती ‘मी इथं संपते, पुढं जग’ अशी रेघ ओढते. ती त्या वेळात झोपते. दुसरी एक जागा ‘हे खरं, हे सगळ्यात मोठं’ असा शिक्का मारते. ती पेटते. त्या वेळात जे समोर दिसेल, जो आवाज कानावर पडेल, त्याच्यावर तो शिक्का बसतो. मग मेण पुन्हा चढतं आणि शिक्का आत राहतो.” बाईंनी खुर्ची जवळ ओढली. “मूर्तीसमोर बसवतात ते एवढ्याचसाठी. मूर्ती बोलत नाही. मूर्ती कुणाला काही करायला सांगत नाही. आक्का, तिच्यासमोर कोण होतं?”

खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. सुरू होत नव्हती. आक्का तिकडंच बघत राहिली.

“ओटी भरायची राहिली हुती,” ती म्हणाली.

“पुसा की ते,” ती बाईंकडं वळून म्हणाली. “दुसरी कुपी हाय घरात. पुन्यांदा बसवू या पोरीला. मूर्तीपुढं.”

“एकाच माणसाचं मेण दोनदा काढलं तर ते परत चढत नाही. असे दोन पेशंट मी बघितलेत. एकजण पंख्याकडं बघत बसतो. फिरत्या पंख्याकडं. पंखा बंद केला की रडतो. तनिष्काला दुसरा फवारा कधीही द्यायचा नाही. तुम्ही बोलताना जपायचं, एवढंच.”

एवढंच! बासष्ट वर्षांची जीभ.

आक्कानं पहिल्यांदा सरळ मार्ग धरला. तनूला समोर बसवून म्हणाली, “हे बघ पोरी, मी देवी न्हाई. माझं गुडघं दुखत्यात, मला संडासला त्रास हुतोय. देवीला असलं काय असतंय का?”

तनू टाके पडलेल्या ओठानं हसली. “तुम्ही असंच म्हणणार, आक्का.”

“मग ऐक. आजपासनं माझं काय एक ऐकायचं न्हाई.”

तनूचं हसू गळालं. ऐकायचं तर ऐकायचं नाही, आणि ऐकायचं नाही तर हेही ऐकायचं नाही. तिचे दात एकमेकांवर घासायला लागले, डोळे वर गेले, हातपाय ताठरले. “ऐक, ऐक माझं, सगळं ऐक!” असं आक्कानं घाबरून ओरडल्यावर ती सैल पडली, घामानं भिजलेली.

मग आक्कानं मौन धरलं. चिंचणवाडीत ही बातमी पसरली तेव्हा लोकांना वाटलं म्हातारीला झटका आला. दोन दिवस आक्का बोलली नाही. दोन दिवस तनूनं अन्नाला तोंड लावलं नाही. आक्काच्या दाराशी बसून एकच विचारायची, “माझं काय चुकलं? देवी कोपली का माझ्यावर?” तिसऱ्या दिवशी आक्कानं मौन सोडलं. “जेव,” म्हणाली. तनू जेवली. आक्का ताटाकडं बघत राहिली. “पुरे” म्हणायचं राहून गेलं असतं, तर ही पोरगी पोट फुटेपर्यंत जेवली असती.

त्या दिवसापासून आक्का जिभेवर निखारा ठेवल्यासारखी बोलायला लागली. प्रत्येक शब्द आधी मनात उलटून बघायचा. ‘उलथ तिकडं’ म्हणायचं नाही. ‘जळो मेलीचं’ म्हणायचं नाही. ‘डोळं फुटलं का’ हे तर तोंडापर्यंत आलं होतं एकदा. आक्कानं स्वतःच्याच हातानं तोंड दाबलं आणि मोरीत जाऊन उभी राहिली. शेडमध्ये सत्तर कात्र्या, चार दाभणं, गंधकाची धुरी द्यायची खोली. शेडमागं शेततळं, वीस फूट खोल, प्लॅस्टिक अंथरलेलं. त्याच्या काठावरनं कुत्रं घसरलं तरी वर येत नाही, म्हणून काठाच्या खुंटाला बांधून एक दोर आत सोडलेला. गेली वीस वर्षं ज्या वस्तूंकडं तिचं लक्षही जात नव्हतं, त्यांची आता भीती वाटायला लागली.

आणि मग संग्राम बोलला.

दुपारची वेळ. बाया जेवायला बसल्या होत्या. शेडच्या दाराशी तो आईजवळ आला. “आक्का, एक सांगू का? एक प्रकारे बरंच झालं की. घरात भांडण नाही, रडणं नाही.”

“बरं झालं?”

“म्हणजे बघ. डॉक्टर म्हणतात दुसरं मूल व्हायला हरकत नाही. तनू तयारच नव्हती. शरीराला हात लावू देत नव्हती. आता तू सांगितलंस की...” तो जमिनीकडं बघत होता. “तू नुसतं म्हण. एकदा. ती ऐकेल.”

आक्काला नातू हवा होता. खोटं कशाला बोला, बाळंतविडा अजून तिच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला होता. क्षणभर ते वाक्य तिच्या जिभेवर आलं. एकच वाक्य, चार शब्दांचं. आणि मग तिला दिसली तनू, हसत हसत मान डोलवणारी, खोलीत जाऊन दार लावून घेणारी. दाभण ओठात घालताना डोळ्यांत होतं तसंच पाणी तिच्या डोळ्यांत असणार होतं. आणि तोंडावर तेच हसू.

“मुडद्या!” इतक्या दिवसांची कोंडलेली जीभ सुटली. “बायको हाय का गाभण घालायची म्हस? लाज न्हाई वाटत? असलं पोर पोटाला येण्यापरास वांझ ऱ्हायले असते मी! जा, तोंड दाखवू नको, त्या तळ्यात जाऊन जीव दे जा!”

संग्राम मान खाली घालून उभा राहिला. अशा शिव्या त्यानं जन्मभर ऐकल्या होत्या. त्याच्या मागं, दारात, पाण्याचा तांब्या घेऊन तनू उभी होती.

तिनं तांब्या जपून खाली ठेवला, सांडू न देता. आणि वळली.

आक्काला कळायला एक श्वास लागला. “तनू!” ती ओरडली. पण शेडच्या त्या टोकाला मोठे पंखे धडधडत होते आणि तनू त्यांच्या पलीकडं गेली होती. दहा पावलांवर आवाज मरत होता. ज्या आवाजानं सगळं गाव हलत होतं, तो पंख्यांच्या वाऱ्यात भुशासारखा उडून गेला. आक्का पळाली. गुडघे गेलेली बाई पळाली. रॅक धरत, पडत, पुन्हा उठत. संग्राम पुढं गेला होता, त्याला अजून काय झालंय ते कळलं नव्हतं, नुसता आईच्या किंकाळीनं पळत होता.

शेततळ्याच्या कुंपणाचं फाटक उघडं होतं. तनू काठावर नव्हती. काळ्या प्लॅस्टिकवरनं ती बसून घसरत खाली गेली होती, आणि आता पाणी तिच्या गळ्यापर्यंत होतं. ती धडपडत नव्हती. वर आभाळाकडं बघत पुढं चालली होती.

“तनू! थांब!”

तनू थांबली. पाणी हनुवटीला लागलं होतं.

“दोर धर! तुझ्या उजव्या हाताला दोर हाय, तो धर! घट्ट धर!”

तिनं धरला. संग्रामनं ओढली. वर येताना प्लॅस्टिकवर तिचे पाय चारदा घसरले आणि चारदा आक्का ओरडली, “सोडू नको!” काठावर आल्यावर संग्राम तिला कवटाळून लहान पोरासारखा रडायला लागला. तनूनं त्याच्या खांद्यावरनं आक्काकडं बघितलं.

“ते तुम्ही यांना म्हणालात का, आक्का?” तिनं विचारलं. “माफ करा. मला वाटलं, मला.”

संध्याकाळी आक्का डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. फडक्यात गुंडाळलेली दुसरी कुपी तिनं टेबलावर ठेवली.

“ही मी घेणार. पोरीला समोर बसवून.”

बाई उठून उभ्याच राहिल्या. “काय बोलताय कळतंय का तुम्हाला?”

“चौथी शिकल्याली हाय, येडी न्हाई. तुम्ही सांगितलं बोलताना जपा. जपलं. किती दिस? सतरा. मग सुटली जीभ. पुन्यांदा सुटणार. ही जीभ माझी ऱ्हायलीच न्हाई बाई, माझ्या आईची, आजीची हाय, शिव्या दिल्याबिगर तिला पाणी उतरत न्हाई. पर मला एक सांगा. देवापुढं उभं ऱ्हाऊन कुणाच्या तोंडातनं शिवी निघती का? मी इतकी वंगाळ बाई, देवीपुढं माझ्या तोंडातनं कधी वाकडा शब्द ग्येला न्हाई. ही पोरगीच माझी देवी झाली, तर तिच्यासमोर जीभ आपोआप वळंल. जपाय लागणार न्हाई.”

“आणि तुमचं स्वतःचं डोकं? तुमची मर्जी? ती म्हणेल ते करावं लागेल तुम्हाला. ती म्हणाली विहिरीत...”

“मी म्हणलेच की.”

बाईंनी कुपी फडक्यात परत गुंडाळली. शेवटी म्हणाल्या, “मी देणार नाही. लिहून देणार नाही, जवळ थांबणार नाही.” आणि कुपी काही त्यांनी काढून घेतली नाही.

घरी संग्राम दारातच भेटला. दिवसभरात त्याचं तोंड उतरून गेलं होतं. सगळं ऐकून म्हणाला, “आक्का, तू तिच्या मुठीत जाणार? तू?”

“तू माझ्या जिभंवर बसाय बघत हुतास. ती जागा आता भरली,” आक्का म्हणाली. त्याच्या खांद्याला धरून ती पायऱ्या चढली.

दुसऱ्या दिवशी, बाया जेवायला गेल्यावर, आक्का एकटीच शेडमध्ये शिरली. तनूला तिनं माडीवर बसवलं होतं, दार-खिडक्या लावून. पंखे चालू होते. रॅकवर हिरवट सोनेरी बेदाणे पसरले होते. तिथं उभी राहून आक्कानं मनसोक्त शिव्या दिल्या. सरपंचाला दिल्या, व्यापाऱ्यांना दिल्या, लवकर मेलेल्या नवऱ्याला दिल्या, न रडताच गेलेल्या त्या एवढ्याशा जीवाला दिल्या, कागद लिहिणाऱ्यांना, औषध बनवणाऱ्यांना, आणि सगळ्यात शेवटी सूप हातात घेऊन आत गेलेल्या वैजंता जगदाळेला. आवाज बसेपर्यंत दिल्या. मग तोंड धुतलं, चूळ भरली, आणि घरात आली.

देव्हाऱ्याच्या खोलीत दोन पाट मांडले. तनूला समोर बसवलं. मधे सूप ठेवलं. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड.

“तनू, नीट ऐक. मी हे नाकात घालणार. घटका गेली की तू माझी ओटी भरायचीस.”

“तुमची?” तनूचे डोळे विस्फारले.

“व्हय, माझी. बावीस वर्सं रिकामी हाय. आणि मग जे तुझ्या मनात असंल ते बोलायचं. मला बरं वाटंल म्हणून न्हाई. मला काय वाटंल याचा इचार करायचा न्हाई. तुझं, तुझ्या आतलं. ही माझी शेवटची आज्ञा.”

मग तिनं कुपीचं टोपण काढलं. जो हात तिनं कधी कुणापुढं पसरला नव्हता, त्या हातानं. फवारा थंडगार होता, औषधापेक्षा पावसाळी मातीसारखा वास. पहिल्यांदा काहीच झालं नाही. नाक चुरचुरलं. बाहेर चिमणी ओरडली. आक्काला वाटलं, फसलं सगळं, माझी कातडी जाड.

मग हळूहळू ती कुठं संपते ते तिला कळेना. मांडीवरचा हात पाटाचा आहे की आपला आहे ते कळेना. भीती वाटायला लागली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कोण? साठ वर्षं ज्या रागाला ‘मी’ म्हणत होती, तो रॉकेलच्या वासासारखा उडून चालला होता. तिनं आधाराला समोर बघितलं.

समोर तनू होती.

ओठावर टाक्याची गाठ, केस नीट न विंचरलेले, गालावर कालच्या तळ्याच्या चिखलाचा एक बारका डाग राहून गेलेला. आक्काला ते सगळं दिसलं. आणि त्या डागासकट, त्या गाठीसकट, हेच ते, हेच पहिल्यापासून होतं, असं तिला कळलं. जन्मभर तिनं देवीला कुंकू लावलं, उपास केले, ओट्या भरल्या, आणि त्या टाकातल्या चांदीच्या तोंडाकडं बघून तिला कधी काही वाटलं नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता वाटत होतं. अंगावर काटा उभा राहिला होता आणि जात नव्हता. या तोंडाला ती ‘मेले’ म्हणाली होती. या तोंडाला ती म्हणाली होती, शिवून घे.

तनूनं खण उलगडला. नारळ आक्काच्या पदरात ठेवला. नारळ जड होता. ओंजळीनं तांदूळ घातले, एकदा, दोनदा. काही दाणे आक्काच्या मनगटावर पडले, आणि तिनं ते झटकले नाहीत.

मग तनूचे ओठ हलले.

आक्काचा जीव कानांत गोळा झाला. आता काय शब्द येणार? ती जे म्हणेल ते होणार होतं. तिला ‘मर’ म्हणायचं असलं तरी आता तक्रार करायला आक्का उरली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या तोंडाकडं बघत बसली होती. एवढे दिवस ही पोरगी हेच करत होती. रोज. दर शब्दाला.

“आक्का,” तनू म्हणाली. ते हसू तिच्या तोंडावर नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी भिंतीकडं तोंड फिरवायच्या आधी तिचा जसा आवाज होता, तसा आवाज आला, चिरका, कच्चा. “मला लई भीती वाटते हो.”

बासष्ट वर्षं आक्काकडं याला एकच उत्तर होतं. भ्यायला काय झालं, मेले, मी हाय न्हवं? ते उत्तर तिनं शोधलं. जिथं ते असायचं तिथं काही नव्हतं. देवच भ्याला होता, आणि आता वर बघायला कुणी नव्हतं.

तिनं चाचपत तनूचा हात धरला. तांदळाचे दाणे दोघींच्या तळव्यांत रुतले.

“मला पण,” ती म्हणाली.